नागपुरात सरकारी योजनांची सुरुवात कुठून करायची: आधी पिशवी नीट करा, मग फॉर्म भरा

परवाच्या शनिवारी एका काकूंनी आमच्या ओट्यावर प्लास्टिकची पिशवी उलटी केली आणि म्हणाल्या, "पोरी, यातून काय काय भेटते ते पाय बरं." पिशवीत तीन पासबुकं, दोन आधार कार्डं (एक जुन्या पत्त्याचं, एक नवीन), घडीवर फाटलेलं केशरी रेशन कार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, पोराची टीसी आणि कुठल्या कुठल्या फॉर्मच्या झेरॉक्स. म्हणजे सगळं होतं. तरी काकूंना तीन वर्षांत एकाही योजनेचा एक रुपया आलेला नव्हता, कारण आधारवर नाव शांताबाई, रेशन कार्डवर शांता, आणि पासबुकात माहेरचं आडनाव.

मी सहा-सात वर्षांपासून पूर्व नागपुरातल्या आमच्या वस्तीत सुट्टीच्या दिवशी लोकांचे फॉर्म भरून देते. सुरुवात घरातूनच झाली. माझे बाबा २०१७ ला गेले, तेव्हा आमच्याकडे पिवळं कार्ड होतं, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव होतं, आणि घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही. मी आईला घेऊन ज्या ऑफिसात तीन चकरा मारल्या तिथल्या खिडकीवरच्या माणसाने "अशी काही योजना नाही" म्हणून परत पाठवलं. दोन वर्षांनी कळलं की होती, पण तोवर वेळ निघून गेली होती. ती गोष्ट मला आजही लागते, म्हणून हे लिहून राहिले. जे लोक गावाकडून नवीन आलेत, किंवा ज्यांनी आजवर कधी सरकारी खिडकी पाहिलेली नाही, किंवा जी मुलं आपल्या गल्लीतल्या लोकांना मदत करायला नुकती लागलीत, त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच सांगते. मोबाईलवर "टॉप २५ योजना" असले व्हिडिओ पाहून फॉर्म भरायला पळू नका. योजना मिळणं न मिळणं हे नव्वद टक्के कागदांवर ठरतं, आणि कागदांना क्रम असतो. पहिला नीट नसला की दुसरा अडतो, दुसरा अडला की पुढचं सगळंच बसून राहतं.

पहिली पायरी: सगळीकडे एकच नाव

घरातल्या प्रत्येकाचे सगळे कागद एका ओळीत मांडा आणि फक्त नाव, जन्मतारीख आणि आडनाव बघा. "बाई" लागलंय का, मधलं नाव वडिलांचं आहे का नवऱ्याचं, इंग्रजी स्पेलिंगात एक अक्षर जास्त आहे का. माणसाला हे क्षुल्लक वाटतं, कॉम्प्युटरला वाटत नाही, तो सरळ दोन वेगळी माणसं समजतो.

कुठलं नाव पक्कं धरायचं? शाळेत गेलेला माणूस असेल तर टीसीवरचं, कारण जातीच्या दाखल्याला शेवटी तेच लागतं. शाळाच नसेल झाली तर आधारवरचं. आणि आधार दुरुस्त करायला घाई करू नका, आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून सेंटरवर बसल्यावर ऑपरेटरने स्क्रीन दाखवली की अक्षर न् अक्षर वाचा, स्वतःला वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला सोबत न्या. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि लग्नाचं प्रमाणपत्रही नसेल तर राजपत्रात नाव बदलून घ्यावं लागतं, ते ऑनलाइन होतं, थोडा वेळ लागतो पण एकदाचं काम संपतं.

आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे, हे त्याच चकरेत उरका. नवऱ्याचा नंबर, भावाचा नंबर, बंद पडलेलं सिम, असलं काही नको. पुढे प्रत्येक ठिकाणी ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि ओटीपी नाही तर काम नाही.

लहान लेकरांचं आधार असेल तर अजून एक बघा. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारात बोटांचे ठसे नसतात, ते पाच वर्षं झाल्यावर एकदा आणि पंधरा झाल्यावर एकदा द्यावे लागतात, त्याचे पैसे वेळेत गेलं तर लागत नाहीत. हे राहिलं की रेशनची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करताना मशीन त्या पोराला ओळखत नाही, आणि आई दुकानदाराशी भांडत बसते, पण त्यात त्याचा काही दोष नसतो.

दुसरी पायरी: पैसे नक्की कोणत्या खात्यात जातात

ही पायरी सगळ्यात जास्त लोक चुकवतात म्हणून थोडं सविस्तर सांगते. आता बहुतेक योजनांचे पैसे डीबीटीने येतात, म्हणजे सरकार खाते नंबरावर नाही तर आधार नंबरावर पैसे टाकतं, आणि त्या आधारला शेवटी जी बँक जोडलेली असेल तिथे ते जाऊन पडतात. तुम्ही फॉर्मवर कोणता खाते नंबर लिहिला होता त्याने काही होत नाही.

वरच्या काकूंच्या तीन पासबुकांचं कोडं हेच होतं. एक खातं जनधनचं, एक पोराच्या स्कॉलरशिपसाठी काढलेलं, एक बचत गटाच्या वेळचं. काकू बिचाऱ्या जनधनच्या बँकेत जाऊन एंट्री मारून मारून थकल्या आणि आधार जोडलेलं होतं बचत गटाच्या वेळच्या खात्याला, जे वर्षानुवर्षं व्यवहार नाही म्हणून बंद पडलेलं.

हे तपासायला एक मिनिट लागतं. आधारच्या सरकारी वेबसाइटवर लॉगिन करा, ओटीपी टाका, तिथे "बँक सीडिंग स्टेटस" असं बटण आहे, ते दाबलं की बँकेचं नाव आणि चालू आहे का बंद ते दिसतं. चुकीची बँक दिसली तर जी पाहिजे त्या बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग" असा स्पष्ट शब्द वापरून फॉर्म द्या. नुसतं "आधार लिंक करा" म्हटलं तर ते केवायसीला आधार लावून मोकळे होतात, ते वेगळं आणि हे वेगळं. कोणत्याच बँकेत धड खातं नसेल तर पोस्टमन काकांना विचारा, इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं अंगठ्यावर निघतं आणि तेव्हाच आधार जोडून मिळतं.

खाती तीन-चार ठेवू नका. एकच ठेवा, त्यात महिन्या-दोन महिन्याला काहीतरी टाका-काढा.

तिसरी पायरी: रेशन कार्ड, आणि रंगाचा घोळ

रेशन कार्ड म्हणजे फक्त तांदूळ-गहू नाही हो. मुलगी झाली तर लेक लाडकी योजना आहे, १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीसाठी जन्माला ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,०००, सगळे मिळून १ लाख १ हजार. ती मिळते फक्त पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना. दवाखान्यात कार्ड मागतात, शाळेत मागतात. म्हणून नागपुरात येऊन भाड्याची खोली घेतली की हे काम पहिल्या महिन्यातच सुरू करा.

रंग असे आहेत. वर्षाचं उत्पन्न १५,००० पर्यंत पिवळं, त्यावर १ लाखापर्यंत केशरी, त्याच्यावर पांढरं. पण धान्य रंगावर मिळत नाही, इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. धान्य मिळतं २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या यादीत नाव असेल तर. अंत्योदय कार्ड असेल तर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, आणि प्राधान्य कुटुंब असेल तर माणशी ५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे फुकट आहे, दुकानदाराला त्याचा एक रुपयाही द्यायचा नाही. प्राधान्य यादीसाठी शहरात उत्पन्नाची मर्यादा ५९,००० आहे, खेड्यात ४४,०००. म्हणून दोन शेजारणींकडे एकाच रंगाचं केशरी कार्ड असतं आणि एकीला धान्य मिळतं, दुसरीला नाही, मग दोघींमध्ये उगाच वितुष्ट येतं.

आणि जी खरंच पात्र आहे तिलाही कधीकधी "कोटा फुल आहे" असं सांगतात. ते नेहमीच खोटं नसतं. राज्याला साधारण ७ कोटी माणसांचा आकडा ठरवून दिलेला आहे, तो २०११ च्या जनगणनेवर बसवलेला, आणि तेव्हापासून पारडी, वाठोडा, कळमना, हिंगणा रोड या बाजूला किती माणूस वाढला ते आपण डोळ्यांनी पाहतो. मला विचाराल तर हा आकडा जुनाच ठेवून गरिबांना रांगेत उभं करणं बरोबर नाही. पण आज काय करायचं तर, अर्ज देऊन ठेवायचा, पोचपावती घ्यायची, कारण यादीतून मेलेली, गाव सोडून गेलेली, उत्पन्न वाढलेली नावं कमी होत असतात आणि जागा निघाली की ज्याचा अर्ज आत आहे त्याचंच नाव लागतं.

नवीन कार्ड काढताना जुन्या गावच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, हा एक कागद नसल्यामुळे माणसं महिनोन्महिने लटकतात. सुनेचं नाव माहेरच्या कार्डात तसंच राहिलेलं असतं, ते तिथून काढल्याशिवाय इकडे चढतच नाही. पत्त्यासाठी भाडेकरार आणि घरमालकाचं लाईट बिल. घरमालक द्यायला कां-कूं करतो, त्याला वाटते भाडेकरू घर बळकावते, त्याला शांतपणे समजावून सांगा की रेशन कार्डाने घराची मालकी कोणाला मिळत नाही, ते कार्डावरच छापलेलं असतं की हे कशाकशासाठी पुरावा म्हणून चालत नाही.

आणि जे बालाघाट-शिवनीकडून, छत्तीसगडकडून बांधकामावर किंवा वीटभट्टीवर आलेत, किंवा गडचिरोली-गोंदियाकडून आलेत, त्यांनी कार्ड बदलायची वाट बघत उपाशी राहू नका. गावचं कार्ड अन्न सुरक्षेच्या यादीतलं असेल तर "एक देश एक रेशन कार्ड" मधून इथल्या कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा देऊन तुमच्या वाट्याचं धान्य उचलता येतं. अर्धे लोक इथे उचलू शकतात आणि अर्धे गावात, तसंही चालतं. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ वर फोन लावा, तो लागतो, मी लावलेला आहे.

अंगठ्यावरून आठवलं. आमच्या शेजारच्या मावशी वीस वर्षं चार घरची भांडी घासतात, त्यांच्या दोन्ही हातांच्या बोटांवर रेषाच उरल्या नाहीत, अगदी गुळगुळीत, दिव्यासमोर धरलं तर काचेसारखी चमकतात. मशीनवर दहाही बोटं लावून झाली, प्रत्येक वेळी लाल. मावशी रडायला आल्या, म्हणाल्या, "आता का मी मी नाही का?" यावर उपाय आहे. कार्डात नाव असलेल्या कोणाचाही अंगठा चालतो, सगळ्यांचं धान्य त्यावर निघतं. नवीन मशीनवर डोळ्याचं स्कॅन होतं. आणि अंगठा लावायच्या आधी हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून, थोडं खोबरेल चोळून परत पुसून घ्या. मावशींचा शेवटी उजव्या हाताच्या करंगळीवर लागला.

चौथी पायरी: उत्पन्नाचा दाखला

हा तहसीलदारांच्या सहीचा असतो. आपले सरकार पोर्टलवर स्वतः अर्ज करता येतो, नाहीतर सेतू केंद्रात किंवा घराजवळच्या महा-ई-सेवा केंद्रात. सिव्हिल लाईन्सच्या कलेक्टर ऑफिसच्या आवारात गेलात की आकाशवाणी चौकापासूनच माणसं मागे लागतात, "दाखला पाहिजे का, आजच्या आज करून देतो." त्यांच्याकडे जाऊ नका. लोकसेवा हक्क कायदा २०१५ पासून आहे, त्यात हा दाखला १५ दिवसांत द्यायचा आहे, नाही दिला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं, आणि नुसता अपिलाचा अर्ज लिहून नेला तरी फाईल हलते हा माझा अनुभव.

कागद म्हणाल तर आधार, रेशन कार्ड, पत्त्याचा पुरावा, स्वयंघोषणापत्र, आणि पगाराची पावती नसलेल्यांसाठी तलाठ्याचा अहवाल. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र लागते असं बाहेरचा टायपिस्ट सांगेल. लागत नाही. जात, उत्पन्न, रहिवासी दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, साध्या कागदावर चालतं. हे पाचशे रुपये म्हणजे कोणाची दोन दिवसांची मजुरी असते.

दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून फेब्रुवारीत काढलात तर महिन्याभरात रद्दी. एप्रिल-मे मध्ये काढा. ऊन असते हे खरं, पंचेचाळीस डिग्रीत रांगेत उभं राहणं सोपं नाही, सकाळी लवकर जा, पाण्याची बाटली आणि डोक्याला दुपट्टा घेऊन जा, पण जूनमध्ये अ‍ॅडमिशनची गर्दी सुरू झाली की त्याहून वाईट हाल होतात.

आणि आकडा खरा सांगा. मला कळते की मर्यादा इतक्या खाली आहेत की खरं सांगितलं तर माणूस बसतच नाही. निराधार योजनेची मर्यादा वर्षाला २१,००० आहे, म्हणजे महिन्याला १,७५०, दोन घरची धुणीभांडी करणारी बाई यापेक्षा जास्त कमावते आणि तरी तिची चूल धड पेटत नाही. ही मर्यादा वाढली पाहिजे हे मी प्रत्येक ठिकाणी बोलते. पण खोटा आकडा टाकून चौकशीत सापडलं तर घेतलेले पैसे परत मागतात, आणि ती वसुली गरिबाला झेपत नाही. जे नियमित मिळते ते मोजा, पोराने कधीतरी दिवाळीला पाठवलेले हजार रुपये म्हणजे नियमित उत्पन्न नाही, एवढंच तलाठ्याला नीट सांगा.

पाचवी पायरी: आता घरात कोण कोण आहे ते बघा

इथे आल्यावर योजना शोधायच्या, तेही माणूस बघून.

घरात विधवा, सोडलेली बाई, अपंग माणूस, मोठ्या आजाराचा पेशंट असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना, महिन्याला १,५०० रुपये. वय ६५ च्या वर असेल तर श्रावणबाळ, तेवढेच पैसे. दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० केले आणि त्यांची उत्पन्नाची मर्यादा ५०,००० आहे, पण यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र पाहिजे, ते मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत तपासणी होऊन मिळतं. अर्ज तहसीलच्या संजय गांधी योजना विभागात. महाराष्ट्रात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा लागतो, इथे बाहेरून आलेली कुटुंबं अडकतात, पोरांच्या शाळेचे जुने दाखले आणि जुनी मतदार यादी कामी येते. मंजूर झाल्यावरही दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, म्हातारी माणसं हे विसरतात आणि मग पैसे बंद झाले म्हणून नशिबाला दोष देतात. त्यांच्या घराच्या भिंतीवर कॅलेंडरमध्ये मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

लाडकी बहीणबद्दल रोज विचारतात म्हणून सांगते. २१ ते ६५ वय, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, महिना १,५००. नोंदणी २०२४ च्या ऑक्टोबरात बंद झाली, त्यामुळे "नवीन फॉर्म भरून देतो, तीनशे द्या" म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. आणि ज्या बाईला निराधारचे १,५०० मिळतात तिला लाडकी बहीण मिळत नाही, दोन्ही एकदम घेता येत नाही. आधी नाव लागलेलं आणि पैसे थांबलेत असं असेल तर पहिले ई-केवायसी झाली का बघा, २०२५ मध्ये ती सक्तीची केली, आणि मग वरची दुसरी पायरी परत वाचा.

घरातला कमावता माणूस गेला असेल तर हा परिच्छेद दोनदा वाचा, कारण त्या दिवसांत कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं आणि सगळं राहून जातं. मृत्यूचा दाखला मनपाच्या झोन ऑफिसातून चार-पाच प्रती एकदमच घ्या. दारिद्र्यरेषेत नाव आणि वय ५९ च्या आत असेल तर ते २०,००० चं अर्थसहाय्य, अर्ज तहसीललाच, उशीर करू नका. मग त्याची सगळी पासबुकं काढा, प्रत्येकात एंट्री मारून आणा, आणि मे-जूनच्या ओळी बोट ठेवून वाचा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो जीवन ज्योती विमा, २० रुपये कापलेले दिसले तर सुरक्षा विमा, आणि दोन्ही २ लाखांचे, पहिला कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी, दुसरा अपघातात. आमच्या मागच्या गल्लीत एक हमाली करणारा भाऊ हार्ट अटॅकने गेला, घरात तेराव्याला उसने पैसे आणले, आणि महिन्याभराने त्याच्या बायकोने पासबुक आणलं तर त्यात ४३६ ची ओळ. तिला वाटत होतं बँकेने काहीतरी चार्ज लावला. खातं काढताना कुठेतरी सही घेतली होती, त्यालाही आठवत नसेल. क्लेम त्याच बँकेत भरला, पैसे आले, त्यात तिने उसनवारी फेडली आणि शिलाई मशीन घेतलं. अशी ओळ किती घरांच्या पासबुकात न वाचता पडली असेल याचा विचार आला की मला झोप लागत नाही. क्लेम शक्यतो ३० दिवसांच्या आत द्या, पण तारीख निघून गेली म्हणून परस्पर सोडून देऊ नका, बँकेला लेखी अर्ज द्या.

बाप किंवा आई गेलेल्या १८ च्या आतल्या लेकरांसाठी बाल संगोपन योजना आहे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुलेंच्या नावाची, एका लेकराला महिन्याला २,२५०. एकच पालक उरला असेल तरी चालते, हे बहुतेक आयांना माहीतच नसते, त्यांना वाटते दोघंही गेलेले पाहिजेत. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज, मग बाल कल्याण समितीसमोर लेकराला घेऊन जावं लागतं. तिथे मोठमोठ्याने रडायची, पाया पडायची गरज नाही, ते तुमचं ऐकायलाच बसलेले असतात.

पोरगं पहिलीत जायचं असेल तर आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळेत २५ टक्के जागा. एससी-एसटी आणि इतर वंचित घटकांना उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांना १ लाखाच्या आत. भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, नोटरीचा चालत नाही, आणि तो फॉर्म भरायच्या आधीच्या तारखेचा असावा लागतो, म्हणून दिवाळीतच करून ठेवा. कॉलेजवाल्यांसाठी महाडीबीटी, म्हणजे स्कॉलरशिपचं सरकारी पोर्टल. आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडाऱ्याकडून नागपुरात शिकायला आलेल्या एससी आणि नवबौद्ध मुलांनी ज्यांचा सरकारी हॉस्टेलला नंबर लागला नाही, त्यांनी स्वाधार योजना सोडू नये, नागपुरासाठी वर्षाला ६०,००० आहेत, जेवण, खोली आणि वरखर्च मिळून. श्रद्धानंद पेठेतल्या सामाजिक न्याय भवनात चौकशी करा, दीक्षाभूमीपासून पायी जाता येतं.

जातीच्या दाखल्याचं एवढंच सांगते की एससी-एसटीला १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ चा आणि ओबीसीला १९६७ चा पुरावा मागतात. आपल्या विदर्भात आजोबा-पणजोबांची शाळा सापडत नसली तरी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल निघू शकते, मूळ गावच्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज करा. दुसऱ्या राज्यातून आलेल्यांनी मूळ राज्याचा दाखला सांभाळून ठेवा.

बांधकामावर जाणाऱ्यांनी कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवावं. वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र पाहिजे, नोंदणीचा १ रुपया लागतो. लोक फक्त पेटी आणि भांड्यांच्या सेटसाठी गर्दी करतात, पण पोरांच्या शिक्षणाचे पैसे जास्त कामाचे, पहिली ते सातवी वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावी ५,०००, हजेरी ७५ टक्के पाहिजे. एजंट हजार-दोन हजार मागतात आणि खोटं ९० दिवसांचं प्रमाणपत्र जोडतात, त्यात खरा मजूर फसतो. ठेकेदाराकडूनच घ्या, तो देत नसेल तर मनपाकडूनही मिळते. ठेला लावणाऱ्यांसाठी स्वनिधी कर्ज, आता पहिलं १५,००० चं, वेळेत फेडलं की २५,०००, मग ५०,०००.

घरकुलाचं मात्र आमिषाने पैसे देऊ नका. स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्र दीड लाख आणि राज्य एक लाख देतं, पण जागेचा कागद पाहिजे, म्हणून झोपडपट्टीत राहणाऱ्यांनी आधी पट्ट्याच्या, म्हणजे जागेच्या हक्काच्या कागदाच्या, मागे लागावं. तुमची वस्ती मनपाच्या जागेवर आहे, नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास), का नझूलच्या (सरकारी जमीन), हे पहिले शोधा, त्यावर कुठल्या ऑफिसात जायचं ते ठरते.

सहावी पायरी: दवाखाना

१ जुलै २०२४ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही. मेडिकल, मेयो, सुपर स्पेशालिटी इथे तर आहेच, योजनेतल्या खासगी हॉस्पिटलातही आहे. पेशंटला घेऊन गेल्याबरोबर, पैसे भरायच्या आधी, "आरोग्यमित्र कुठे बसतात" हे विचारा. त्यांचं टेबल असतं. रेशन कार्ड आणि आधार त्यांना द्या, ते ऑनलाइन मंजुरी घेतात, मग ऑपरेशन. लोक उलटं करतात, आधी दागिने मोडून काउंटरवर भरतात आणि डिस्चार्जच्या दिवशी योजनेचं विचारतात, तेव्हा मागचं परत मिळणं फार कठीण जातं. योजनेत मंजूर झाल्यावर औषधाची चिठ्ठी बाहेरून आणायला दिली तर आरोग्यमित्रालाच दाखवा, नाहीतर १५५३८८ वर सांगा. आयुष्मान कार्ड आजच काढून ठेवा, आजारी पडायची वाट कशाला बघायची, ७० च्या वरच्यांचं वेगळं वय वंदना कार्ड निघतं, तिथे उत्पन्न विचारतच नाहीत.

खिडकीवर जाताना

एक फाईल करा, पिशवी नको. मूळ कागद दाखवायचे, द्यायची फक्त झेरॉक्स, आणि झेरॉक्सवर "या कामासाठी" असं लिहून सही किंवा अंगठा. मोबाईलमध्ये सगळ्यांचे फोटो. पोचपावतीशिवाय खिडकी सोडायची नाही, क्लार्क साहेब कितीही घाईत असले तरी, गोड बोलून, पण घ्यायचीच. कोणी "नाही होत" म्हटलं तर "साहेब, कोणता कागद कमी आहे तेवढं लिहून द्या" म्हणा. २०१७ ला हे वाक्य मला येत नव्हतं.

एका वेळी एकच काम काढा. सोमवारी सुट्टी टाकून रोजी बुडवणार असाल तर आदल्या दिवशी फाईल लावून ठेवा, झेरॉक्सवाले ऑफिसासमोर दुप्पट घेतात.

काकूंचं म्हणाल तर आधार दुरुस्त झालं, खातं पोस्टात काढलं, उत्पन्नाचा दाखला हातात आला, आता निराधारचा अर्ज आत आहे. त्यांना मी एक शेवटचं सांगितलं ते तुम्हालाही सांगते, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खात्यात पाचशे रुपये राहू द्या, ४३६ आणि २० तेव्हाच कापले जातात, आणि पैसे नसले तर विमा बंद पडतो.